धारेचे जुने यंत्र: पारखून घ्या, जपून चालवा



सुगी तोंडावर आली की घराघरांतून विळे, खुरपी, कुऱ्हाडी बाहेर निघतात. वर्षभर आढ्याला खोचून ठेवलेली ही हत्यारे गंजलेली असतात, बोथट असतात. तशीच ती हातात घेऊन आपण रानात जातो. दिवसभर वाकून काम करणाऱ्या बाईला विचारा, बोथट खुरप्याने एक पात लावताना मनगट कसे भरून येते. धार असली तर हत्यार काम करते. धार नसली तर माणूस करतो.

पूर्वी धारेचे काम विळ्या-कुऱ्हाडीपुरते होते. आता तसे राहिलेले नाही. आपल्या नांदेड-लातूर भागात दारोदार कडबा कुट्टी यंत्र आले आहे, त्याची पाती महिन्या-दोन महिन्यांनी धारेला येतात. गावोगाव पेट्रोलवर चालणारी करवत घेऊन झाडे तोडून देणारी तरुण मुले दिसतात. बाभळीच्या कठीण लाकडात त्या करवतीच्या साखळीची धार लवकर जाते. म्हणून एक प्रश्न हल्ली तरुण मंडळी वारंवार विचारतात, ‘‘साहेब, भंगार बाजारात धारेचे जुने यंत्र मिळते आहे. घेऊ का? दुरुस्त होईल का? गावात चार पैसे मिळतील का?’’

घ्यायला हरकत नाही. पण डोळे उघडे ठेवून घ्यावे, आणि चालवताना डोळे झाकून, म्हणजे चष्मा लावून, चालवावे. आजचा लेख याविषयी आहे.

धारेची विद्या आपल्याकडे जुनी आहे

नांदेडला हे सांगायलाच नको. १७०८ साली गुरू गोविंदसिंगजींचे नांदेडला निर्वाण झाले. या नगरीत शिकलगार समाजाची वस्ती आहे. शस्त्र घडवणे आणि त्याला पाणी, झिलई व धार देणे ही त्यांची परंपरागत विद्या. शिकलगार हा शब्दच मुळी घासून लख्ख करण्यावरून आला आहे. लोखंडाच्या धारेला हात लावून तिचा गुण सांगणारी जुनी माणसे अजून भेटतात. यंत्र घेण्याआधी अशा एखाद्या कारागिराकडे किंवा गावच्या लोहाराकडे चार दिवस बसून पाहावे. यंत्र विकत मिळते. हात विकत मिळत नाही.

यंत्रावरचा गोल दगड मात्र नव्या काळातला. पूर्वी वालुकाश्माची चाके असत. १८९१ साली अमेरिकेत अ‍ॅचिसन नावाच्या माणसाने विजेच्या भट्टीत कार्बोरंडम तयार केले आणि धारेचा दगड कारखान्यात बनू लागला. आपल्या महाराष्ट्रात उरण येथे १९४१ साली असे दगड बनवण्यास सुरुवात झाली. आज तालुक्याच्या हार्डवेअर दुकानातही ते मिळतात.

कोणते यंत्र घ्यावे?

जुन्या बाजारात साधारण तीन प्रकार दिसतात.

पहिला, हाताने फिरवायचा. बिडाचे छोटे धड, आत दातेरी चाके, एका बाजूला हँडल, दुसऱ्या बाजूला दगड. टेबलाला शिकंजाने आवळायचा. वीज लागत नाही, वेग बेताचा, पाते तापत नाही. घरच्या घरी विळे-खुरप्यांसाठी हा उत्तम.

दुसरा, विजेवरचा दोन दगडांचा. जिनिंग, दालमिल किंवा वर्कशॉप बंद पडले की असे यंत्र भंगारात येते. याचे धड जड बिडाचे असते, म्हणून चालताना थरथर कमी. आत घालायची बेअरिंगे ठरावीक मापाची असतात आणि आजही मिळतात. गावात धंदा करायचा असेल तर हाच.

तिसरा, करवतीच्या साखळीसाठी खास केलेला. याचा दगड पातळ असतो, तो वरून खाली येतो. खाली साखळी धरायचा शिकंजा असतो आणि कोन दाखवणारे आकडे असतात. हा आपल्याकडे क्वचित मिळतो. मिळाला तरी केवळ साखळीच्या कामाचा. पंचक्रोशीत पाच-सहा करवती चालत असतील तरच त्याचा विचार करावा.

घेताना काय पाहावे?

दुकानदार ताजा रंग मारून ठेवतो. रंगाकडे पाहू नये.

१) धडाला तडा आहे का, ते पाहावे. बीड कडक असते, पण ठिसूळ. पाय, शिकंजा आणि बेअरिंगची जागा नीट पुसून पाहावी. वेल्डिंगचे डाग असतील तर पुढे जावे. बिडाला साधे वेल्डिंग केलेले बहुधा पुन्हा तडकते.

२) वीज बंद असताना दगडाचा दांडा धरून वरखाली हलवावा. खुळखुळत असेल तर बेअरिंग गेले. बेअरिंग बदलता येते. पण दांडाच झिजला असेल किंवा वाकला असेल तर तो सौदा सोडावा. हाताने फिरवून पाहावे, एखाद्या जागी अडते का.

३) मोटर चालू करून पाहावी. हाताने ढकलल्याशिवाय फिरत नसेल तर दोष कपॅसिटरचा किंवा गुंडाळीचा असतो. कपॅसिटरचा खर्च थोडा, गुंडाळीचा मोठा. करपल्यासारखा वास आला तर गुंडाळी जळाली असे समजावे.

४) दगडावरचे लोखंडी झाकण आणि पुढचा टेकू जागेवर आहे का? जुन्या यंत्रांची झाकणे पुष्कळदा काढून फेकलेली असतात. झाकणाशिवायचे यंत्र घेतले तर तसेच झाकण करवून घेण्याचा खर्च आधी धरावा.

५) विकणाऱ्याकडून सही-तारखेची पावती घ्यावी. चोरीचा माल गळ्यात पडू नये.

मग हिशेब मांडावा. समजा, यंत्र ८०० रुपयांना मिळाले. बेअरिंगे, दोन नवे दगड, वायर, तीन खिळ्यांची पिन, रंग मिळून १,२०० रुपये लागले. २,००० झाले. गुंडाळी करायची असेल तर त्यावर आणखी. आता दुकानात जाऊन तशाच नव्या यंत्राची किंमत विचारावी. दुरुस्तीसह जुने यंत्र नव्याच्या निम्म्या किमतीच्या वर जात असेल तर त्याच्या नादी लागू नये. नाही तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला व्हायचा.

दुरुस्ती: एका दिवसाचे काम नव्हे

यंत्र घरी आणले की लगेच चालू करू नये. प्रथम वीज तोडून दगड उतरवावेत. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दोन दगडांच्या यंत्रात, पुढे उभे राहिल्यावर डाव्या हाताला येणाऱ्या नटाला उलटा आटा असतो. फिरताना नट सैल होऊ नये म्हणून ही योजना. हे माहीत नसलेला माणूस नट सोडवण्याऐवजी आवळत बसतो आणि दांड्याचा आटा घालवतो.

जाम झालेल्या नटाला डिझेल आणि तेल मिसळून लावावे व रात्रभर राहू द्यावे. सकाळी लाकडाच्या तुकड्यावरून हलके ठोके द्यावेत. बिडावर घण घालू नये. प्रत्येक भाग सोडवताना मोबाईलवर फोटो काढावा, म्हणजे जोडताना प्रश्न पडत नाही. वॉशर, चाव्या, नट एका परातीत क्रमाने ठेवावेत.

हाताच्या यंत्रात जुने ग्रीस वाळून डांबरासारखे होते. ते डिझेलने धुवावे. पेट्रोलने धुऊ नये, आग लागते. दातेरी चाकाचा दात तुटला नसेल तर नवे ग्रीस भरले की यंत्र पुन्हा मऊ फिरू लागते. टेकू, शिकंजा, नट-बोल्ट यांवरचा गंज काढायला चिंचेचे पाणी चांगले. रात्रभर भिजवावे, तारेच्या ब्रशने घासावे, स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावे आणि लगेच तेल चोळावे. बेअरिंगे मात्र चिंचेच्या पाण्यात घालू नयेत.

बेअरिंगवर क्रमांक कोरलेला असतो. तोच क्रमांक दुकानात सांगावा. दगडाची धूळ बेअरिंगचा शत्रू असल्याने दोन्ही बाजूंनी बंद असलेले घ्यावे.

विजेचे काम वायरमनकडूनच करून घ्यावे. जुन्या मोटरचे आवरण ओल धरते आणि लोखंडी धडात वीज उतरते. मेगरने तपासणी करून घ्यावी, अर्थिंगची तिसरी तार धडाला पक्की जोडावी, आणि शक्य असल्यास गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवावा. ओट्यावर, ओल्या जमिनीवर, अनवाणी पायाने हे यंत्र चालवू नये.

दगड: जीव याच्यात आहे

आता सर्वांत महत्त्वाचे. जुन्या यंत्रावर बसवलेला दगड, तो चांगला दिसला तरी वापरू नये. तो कधी पडला, कधी भिजला, कोणी ठोकला हे आपल्याला ठाऊक नसते.

थोडे गणित पाहा. सहा इंची, म्हणजे १५० मिलिमीटरचा दगड मिनिटाला २,८०० फेरे घेतो, तेव्हा त्याची कड सेकंदाला सुमारे २२ मीटर धावते. म्हणजे तासाला जवळजवळ ८० किलोमीटर. रस्त्यावरची गाडी त्या वेगाने अंगावर यावी, तसा फुटलेल्या दगडाचा तुकडा येतो. झाकण नसेल तर तो छाती-तोंडावरच येतो.

म्हणून नवा दगड घेतानाही ‘नाद’ पाहावा. मडके घेताना आपण टिचकी मारतो, तसेच. दगड कोरडा करून, मधल्या भोकात बोट किंवा काडी घालून टांगता धरावा आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने कडेपासून इंच-दोन इंचांवर हलके वाजवावे. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर आत तडा आहे. तो दगड दुकानदाराला परत करावा.

दगडावर कमाल फेरे छापलेले असतात. आपल्या मोटरचे फेरे त्याहून कमीच हवेत. हिशेबाची ही बाजू सोडून पुली बदलून वेग वाढवणे म्हणजे घरात सुरुंग पेरणे होय. पोलादी हत्यारांसाठी तपकिरी किंवा पांढरा दगड घ्यावा. हिरवा दगड बीड आणि अतिकठीण हत्यारांसाठी असतो. एका बाजूला ३६ नंबरचा भरड आणि दुसऱ्या बाजूला ६० किंवा ८० नंबरचा बारीक लावावा. दगडाच्या दोन्ही अंगांना सारख्या मापाच्या चकत्या आणि कागदाचे वॉशर हवेतच. नट पुरेसा आवळावा, अंगावर बसून नव्हे.

टेकू आणि दगड यांत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट ठेवू नये. फट मोठी असली की पाते आत ओढले जाते, त्यामागे बोटही जाते. दगड झिजत जाईल तसा टेकू पुढे सरकवावा. वरच्या झाकणाची जीभ दगडापासून ६ मिलिमीटरच्या आत असावी. सगळे जोडून झाले की बाजूला उभे राहून यंत्र निदान एक मिनिट रिकामे चालवावे. समोर कोणालाही उभे राहू देऊ नये.

थांबलेला दगड पाण्यात बुडवून ठेवू नये. खालचा अर्धा भाग पाणी पितो, एका अंगाला जड होतो आणि चालू करताच हिसके बसतात.

धार कशी लावावी?

पाते दगडावर दाबून ठिणग्यांचा फवारा काढणे म्हणजे धार नव्हे. पोलादाला कारागिराने जे पाणी दिलेले असते, ते तापले की उतरते. कडेला पिवळसर छटा आली की हात आखडावा. निळा रंग आला की त्या जागेचे पाणी गेले. तेथे धार लागेल, पण टिकणार नाही. म्हणून हलका हात, सरकता हात, आणि शेजारी पाण्याचे डबडे. दोन-तीन घास घेतले की पाते पाण्यात बुडवावे.

कुऱ्हाडीला दोन्ही अंगांनी सारखा उतार द्यावा. फार पातळ केली तर बाभळीच्या गाठीवर तोंड तुटते. खुरप्याला मूळ उताराच्या अंगानेच धार द्यावी. दातेरी विळा दगडाला लावूच नये, दात जातात. त्याला बारीक कानस वापरावी. कुट्टी यंत्राच्या पात्याला एकाच अंगाने उतार असतो. तेवढेच अंग घासावे, सपाट पाठीला हात लावू नये. दोन्ही पाती सारखीच घासावीत, नाही तर चाकाचा तोल जातो. शेवटी सहाणेवर तेल टाकून चार हात मारले म्हणजे कडेचा केस निघतो आणि धार टिकते.

पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम या दगडावर घासू नये. त्याने दगडाची छिद्रे बुजतात आणि दगड तापतो. दगडाच्या सपाट बाजूवर दाबून घासणेही टाळावे. तो कडेने काम करण्यासाठी केलेला असतो.

करवतीची साखळी

या साखळीची गोष्ट मोठी गमतीची आहे. १९४६ साली अमेरिकेतील ओरेगन राज्यात ज्यो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने एका भुंगेऱ्याची अळी लाकूड पोखरताना पाहिली. आपल्या आंब्याच्या खोडात भिरूड शिरतो, तसाच प्रकार. ती अळी डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे जबडा चालवून लाकूड सरळ कापत जात होती. त्यावरून त्याने आळीपाळीने डावे-उजवे दात असलेली साखळी केली आणि १९४७ साली ती विकायला आणली. आजची साखळी त्याच घराण्यातली.

यातला धडा हा, की डावे आणि उजवे दात सारख्याच लांबीचे राहिले पाहिजेत. एका बाजूचे जास्त घासले तर करवत वाकडी चालते. रोजच्या धारेला यंत्र लागत नाही. गोल कानस पुरते. ०.३२५ इंची साखळीला ४.८ मिलिमीटरची कानस लागते. कोन बहुतेक साखळ्यांना २५ ते ३० अंशांचा असतो, पण साखळीच्या पाकिटावर पाहूनच ठरवावा. खिळा किंवा दगड लागून दात तुटले, तेव्हाच साखळी यंत्रावर घ्यावी. तेथेही दगड क्षणभर टेकवून उचलावा. दात निळा झाला की त्याला पुढे कानस लागत नाही.

प्रत्येक दातापुढे एक छोटा उंचवटा असतो. तो दात लाकडात किती खोल शिरेल हे ठरवतो. दातापेक्षा तो साधारण ०.६५ मिलिमीटर खाली हवा. अधिक कापावे म्हणून तो जास्त घासला तर करवत उसळून अंगावर येते.

आणि धार लागली म्हणून दिसेल त्या झाडावर करवत चालवू नये. सागवान, आंबा, चिंच, जांभूळ अशी झाडे स्वतःच्या बांधावर असली तरी १९६४ च्या वृक्षतोडविषयक कायद्याप्रमाणे परवानगी लागते. तोडून देणाऱ्याने आधी परवानगीचा कागद पाहावा, मग मजुरी ठरवावी.

डोळा आणि पदर

भगिनींनो, हा भाग तुमच्यासाठीही आहे, कारण पुष्कळ घरी हँडल फिरवायला बायका किंवा मुले बसतात. मुलाला दगडाच्या समोर बसवू नये. ठिणगी त्याच बाजूला जाते. विजेच्या यंत्रापाशी तर मूल नकोच. पदर खोचावा, केस बांधावेत, बांगड्या मागे साराव्यात. पुरुषांनी उपरणे काढून ठेवावे. हातमोजे घालू नयेत. मोजा दगडात अडकला तर हात घेऊन जातो. चष्मा मात्र हवाच, बाजूनेही बंद असलेला. यंत्रावर हजारो रुपये घालणारा माणूस चष्म्याच्या थोड्या पैशांसाठी मागे-पुढे पाहतो, याला काय म्हणावे?

तरीही डोळ्यात कण गेलाच तर चोळू नये. फडक्याच्या टोकाने, काडीने किंवा लोहचुंबकाने काढायचा प्रयत्न करू नये. तूप, दूध, मध काही घालू नये. बुबुळात रुतलेला लोखंडाचा कण तेथे गंजतो आणि दृष्टी कायमची अधू होऊ शकते. ‘उद्या पाहू’ न म्हणता त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावे. नांदेडला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेचे रुग्णालय आहे.

शेतकरी कुटुंबासाठी शासनाची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात अनुदान योजना आहे. अपघातात एक हात, पाय किंवा डोळा कायमचा गेला तर तीत एक लाख रुपयांची तरतूद आहे. अशी वेळ आलीच तर तालुका कृषी कार्यालयात विनाविलंब अर्ज करावा. पण ते एक लाख घेऊन डोळा परत आणणारे दुकान कोठे नाही.

गावात चार पैसे मिळतील का?

मिळतील, पण एकट्या यंत्राने नव्हे. सुगीआधी आणि खुरपणीच्या दिवसांत काम येते. मधले महिने रिकामे जातात. म्हणून शेती किंवा दुसरे काम सांभाळून हा जोडधंदा करावा. बचत गटाने मिळून यंत्र घेतले आणि एक-दोघांनी शिकून घेतले, तर गावची सगळी हत्यारे गावातच धारेला लागतील. दर ठरवताना दगडाची झीज, वीज आणि आपली मजुरी तिन्ही धरावीत. निळी पडलेली धार परत आली तर पैसे घेऊ नयेत. गिऱ्हाईक त्यानेच टिकते.

काम संपले की बटण बंद करावे, पिन काढावी, दगड पूर्ण थांबेपर्यंत जागा सोडू नये आणि पिन मुलांच्या हाती लागणार नाही अशा उंचीवर टांगावी. ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी